माथेरान : डोंगरावरील एका लहान गांवीं जातांना

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे वर्गावर्गांतून प्रवासाचे बेत ऐकूं येऊं लागतात, आणि त्यांत माथेरानचें नांव बहुधा पहिलें असतें. सुटी संपल्यावर आम्ही मुलांना सहज विचारतों, "काय पाहिलेंत?" उत्तर ठरलेलें : दहाबारा पॉइंट पाहिले, घोड्यावर बसलों, माकडानें खाऊ पळविला, चिक्की आणली. "आणि गांव?" असें विचारलें कीं मुलें एकमेकांकडे पाहूं लागतात. माथेरान हें चारपांच हजार वस्तीचें गांव आहे, तेथें शाळा आहे, नगरपालिका आहे, हें त्यांच्या ध्यानांतच आलेलें नसतें. म्हणून या लहानशा डोंगरी गांवीं पाहुण्यानें काय पाहावें व कसें वागावें, याविषयीं चार शब्द लिहीत आहों. पालकांनींही ते वाचावे अशी विनंति आहे.

माथेरान रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. डोंगराचा माथा बराचसा सपाट असून त्यावर जांभूळ, हिरडा, अंजनी अशा झाडांचें दाट रान आहे. माथ्यावरचें रान तें माथेरान, अशी नांवाची व्युत्पत्ति सांगतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं मे १८५० मध्यें माथेरानचा शोध लावला असें पुस्तकांत आढळतें. धनगर, ठाकूर व कातकरी हे लोक त्यापूर्वींच या डोंगरावर व त्याच्या उतारावर राहत होते. तेव्हां शोध कोणाचा व कोणाला लागला, याचा विद्यार्थ्यांनीं स्वतःच विचार करावा. मॅलेटसाहेबांना उन्हाळ्यांत मुंबईच्या उकाड्यांतून सुटण्याची एक वाट सांपडली, एवढें मात्र खरें.

वर जाण्यास उत्तम साधन म्हणजे लहान आगगाडी. ती मुंबई-पुणें लोहमार्गावरील नेरळ स्टेशनापासून निघते. सर आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यसाहाय्यानें त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं हा मार्ग बांधविला व तो १९०७ सालीं सुरू झाला. दोन रुळांतील अंतर अवघें दोन फूट, आणि मार्गाची लांबी सुमारें २० किलोमीटर. डोंगर पोखरण्याऐवजीं हा मार्ग डोंगराच्या अंगाअंगानें वळसे घेत चढतो. म्हणून संबंध वाटेवर बोगदा एकच आहे. त्याला जें इंग्रजी टोपणनांव पडलें आहे तें या पानांवर छापण्याजोगें नाहीं. मुलें तें गाडींत ऐकतीलच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला, आणि २०१९ च्या पावसानें पुन्हां तसेंच केलें. त्या खेपेस नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. पावसाळ्यांत ती बंद ठेवतात. यासाठीं निघण्यापूर्वीं चौकशी करावी.

मोटारीनें येणाराची वाट दस्तुरी नाक्यावर संपते. पुढें गांवांत मोटारींस मज्जाव आहे, आणि बाजारापर्यंतचें अडीच-तीन किलोमीटर अंतर धडधाकट माणसानें पायींच जावें असें आम्हांस वाटतें. पायाखालीं तांबडी माती, डोक्यावर झाडांची सावली, आणि कानीं पडतात त्या पाखरांच्या हांका व घोड्यांच्या टापा. शहरांत वाढलेल्या मुलाला पहिला अर्धा तास कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें; मग भोंगा ऐकूं येत नाहीं हें त्याच्या लक्षांत येतें.

याच नाक्यावर आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आठवीचीं मुलें घेऊन आम्ही गेलों होतों. सामान वाहणाऱ्या एका प्रौढ बाईंशीं आम्हीं मजुरीबद्दल घासाघीस केली व वीस रुपये कमी करविले. हिशेबीपणाचें समाधानही वाटलें. बाईंनीं दोन बॅगा डोक्यावर व एक पिशवी खांद्यावर घेतली आणि त्या आमच्यापुढें चालूं लागल्या. वाटेंत एका मुलानें त्यांस घर कोठें म्हणून विचारलें. घर डोंगराच्या उतारावरील एका वाडींत होतें. पहाटे अंधारांत निघून त्या चढून येत व दिवस मावळण्यापूर्वीं पुन्हां उतरत. मुक्कामीं पोंचल्यावर आम्हीं ते वीस रुपये पुढें केले. "ठरलं तेवढंच द्या, गुरुजी," इतकें बोलून त्यांनीं ठरलेले पैसे कनवटीस लावले व त्या निघून गेल्या. त्या संध्याकाळीं मुलांनीं चिक्कीवर किती पैसे उडविले तें येथें लिहीत नाहीं. तेव्हांपासून आमच्या सहलींत हमालीचा दर आम्ही विचारतों आणि देतों.

माणसानें ओढावयाच्या रिक्षाही येथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा माणुसकीस धरून नसल्याचें सांगितलें, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला व रिक्षा ओढणारांच्या पोटापाण्याची सोय विजेवरील रिक्षांनीं करावी असें सुचविलें. विजेच्या रिक्षांचा प्रयोग २०२२ च्या डिसेंबरांत सुरू झाला होता. गांवांत यावर एकमत नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलांची व वृद्धांची मोठी सोय झाली, तर घोडेवाल्यांना आपला धंदा बुडण्याची धास्ती वाटते. पाहुण्यानें निकाल देण्याच्या भरीस न पडतां दोन्हीं बाजूंचें ऐकावें. वर्तमानपत्रांतून कळत नाहीं असें पुष्कळ कळतें.

आतां पाण्याविषयीं. या डोंगरावर पाऊस धो धो पडतो, परंतु कडे उभे असल्यामुळें बहुतेक पाणी खालीं निघून जातें. शार्लट तलावांत जें सांठतें तें गांवाच्या पिण्याचें पाणी होय. त्यांत पाय बुडविणें किंवा कांठीं खरकटें टाकणें म्हणजे यजमानाच्या घागरींत हात घालणें आहे. तलावाशेजारीं ग्रामदैवत पिसारनाथाचें देऊळ आहे, तें पाहावें. एवढें पाणी पुरत नाहीं म्हणून खालून उल्हास नदीचें पाणी पंपानें वर चढवितात. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं हिशेब करावा : १० लिटरची बादली सुमारें ७५० मीटर उंच नेण्यास ७३,५०० ज्यूल इतकें कार्य करावें लागतें, आणि पंपांत व नळांत वायां जाणारी शक्ति निराळीच. लॉजमधील नळ सोडून दांत घासणाऱ्या मुलाला हा हिशेब आम्हीं तेथेंच करावयास लावला होता.

पॉइंट पाहूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पॅनोरामा पॉइंटावरून सूर्योदय व लुईझा पॉइंटावरून दिसणारा प्रबळगड ज्यानें पाहिला नाहीं त्याचा प्रवास अपुराच. मात्र रुळलेली वाट सोडून आडवाट पाडूं नये. येथील जांभ्याची माती पावसांत लवकर धुपते व झाडांचीं मुळें उघडीं पडतात. केंद्र सरकारनें २००३ सालीं हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, त्यामागें असलींच कारणें आहेत. माकडांस खाऊं घालूं नये. खाऊ हिसकावण्याची खोड त्यांना पाहुण्यांनींच लावली आहे. त्यापेक्षां पहाटे झाडाखालीं निमूट उभें राहावें. नशीब असेल तर शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, या फांदीवरून त्या फांदीवर झेंप घेतांना दिसतो.

आणखी एक नांव विद्यार्थ्यांनीं माहीत करून जावें. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानासच एका कष्टकरी घरांत झाला. ते वकील झाले, येथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि सावकाराच्या कचाट्यांतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनीं धान्याची पेढी काढली. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून सरकारास बेजार केलें. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांशीं झालेल्या चकमकींत ते व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मे झाले. बाजारांत चिक्की घेतांना एखाद्या वयस्क दुकानदारास त्यांच्याविषयीं विचारावें. वजन करून पुडा बांधून होईपर्यंत बरेंच ऐकावयास मिळतें.