चढावर सायकल-ट्रेलर ओढताना दात्यांची निवड

मळ्यातील भाजीपाला अगर दुधाचे कॅन वाहून नेण्यासाठी सायकलीस दोन चाकांचा लहान ट्रेलर जोडणे सोयीचे असते. सपाट रस्त्यावर हा जोड विनातक्रार चालतो. परंतु चढ लागताच स्वार पेडलवर उभा राहतो, गुडघ्यांवर ताण येतो व अखेर त्यास उतरून गाडी ढकलावी लागते. याचा दोष पुष्कळदा स्वाराच्या शक्तीस दिला जातो. वस्तुतः तो दात्यांच्या प्रमाणात असतो.

साध्या सायकलीचे पुढील चक्र ४४ दात्यांचे व मागील फ्रीव्हील १८ दात्यांचे असल्यास, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. स्वार ६० किलो, सायकल २०, ट्रेलर २० व माल ६० असे एकूण वजन १६० किलो धरू. शंभर मीटरांत पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर केवळ चढासाठी ८ किलो ओढ लागते. चाकांचा अवरोध मिळवून ती १० किलोंच्या घरात जाते. अशा वेळी पेडलवर सरासरी ५० किलो दाब द्यावा लागतो. म्हणजे जवळजवळ स्वाराचे सारे वजन!

मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविल्यास हा दाब सुमारे ४१ किलोंवर येतो. साखळी मात्र दोन कड्यांनी वाढवावी लागते. हा स्वस्त उपाय सौम्य चढास पुरेसा आहे. चढ रोजचा व लांब असेल तर गिअरची सायकल घेणे इष्ट होय. तिच्या पुढे २८ व मागे ३४ दाते मिळाल्यास एका फेऱ्यात ती १.७ मीटरच जाते आणि दाब १६ किलोंपर्यंत उतरतो. मिनिटास ४० फेरे दिल्यास वेग ताशी सुमारे चार किलोमीटर, म्हणजे सावकाश चालण्याइतका, राहतो. याहून हलका गिअर घेण्यात अर्थ नाही, कारण त्याहून कमी वेगात दुचाकीचा तोल राहणे कठीण होते. गिअर चढ सुरू होण्यापूर्वीच बदलावा; भर चढावर जोर देत असताना बदलल्यास साखळी निसटण्याचा संभव असतो.

ट्रेलरमधील माल आसाच्या किंचित पुढे ठेवावा. जोड हलकासा खाली दाबलेला राहिला पाहिजे. माल मागे गेल्यास तो सायकलीचे मागील चाक उचलू पाहतो.

उतारावर हलक्या गिअरचा काहीही उपयोग होत नाही. फ्रीव्हील मोकळे फिरते आणि ट्रेलर सायकलीस मागून ढकलतो. सारा भार ब्रेकवरच पडतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक दाखविताना, पूर्ण माल भरून लहानशा उतारावर ब्रेकची परीक्षा प्रथम घ्यावी व मगच चढाकडे वळावे.