काँक्रीटही पाणी पिते



नोहाने तारू बांधले तेव्हा लाकूड कोणते घ्यावे आणि लांबी-रुंदी किती ठेवावी एवढेच परमेश्वराने त्याला सांगितले नाही. तारवाला आतून व बाहेरून डांबर लावण्याचीही आज्ञा केली (उत्पत्ती ६:१४). म्हणजे बांधून झाले की काम संपले असे नाही, पाण्यापासून ते राखावेही लागते. आजचा आपला पाठ याच विषयावर आहे. अंगण, खळे, गोठ्याचा कोबा, पायऱ्या आणि गच्ची यांचे ऊन-पावसापासून रक्षण कसे करावे ते आपण पाहू.

आमच्या खळ्याची गोष्ट

आमच्या घरापुढील खळे पूर्वी मातीचे होते. सुगीच्या तोंडावर ते चोपून घ्यायचे आणि घरातील बायकांनी शेणाने सारवायचे, हा दर वर्षीचा नेम. पुढे तेथे वीस फूट लांब व वीस फूट रुंद असा काँक्रीटचा कोबा घातला. सारवणाची कटकट एकदाची गेली असे सर्वांना वाटले. चार पावसाळे गेले आणि झाडू मारला की वाळू निघू लागली. भातात खडे आले, व्यापाऱ्याने भाव पाडला.

तेव्हा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्ही चकचकीत रंग आणला आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर दोनच दिवसांनी लावला. कोबा वरून सुका दिसत होता, पण आत ओल होती. ऑगस्टमध्ये रंगाला फोड आले, सप्टेंबरमध्ये पोपडे निघाले. त्यातच त्या गुळगुळीत रंगावरून आई घसरली आणि तिचे मनगट मोडले. पैसे गेले ते गेलेच, वर दुखणे पदरात आले. चूक दुकानदाराची होती तशी आमचीही होती. पाणी काँक्रीटमध्ये शिरते कसे, हे आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

पाणी आत कसे शिरते?

काँक्रीट दगडासारखे दिसते, पण त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. माल सैल व्हावा म्हणून गवंडी जे जास्तीचे पाणी ओततो, ते पुढे सुकून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. ५० किलोच्या एका पोत्याला सुमारे २५ लिटर पाणी पुरे असते, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही याच हिशेबात धरावे. पाणी जितके अधिक, तितका कोबा कच्चा.

थंड देशांत छिद्रांतील पाणी गोठून फुगते व काँक्रीट फोडते. आपल्याकडचे शत्रू निराळे आहेत. पावसाचे पाणी काँक्रीटमधील चुना विरघळवून बाहेर आणते. भिंतीवर व स्लॅबखाली जे पांढरे डाग दिसतात ते याचेच. कडक ऊन आणि मागोमाग येणारी सर यांमुळे काँक्रीट प्रसरण-आकुंचन पावते व बारीक भेगा पडतात. ओल टिकली की शेवाळ धरते. सर्वांत वाईट म्हणजे पाणी व हवा आतल्या सळईपर्यंत पोहोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचे काँक्रीट ढकलून पाडतो. गोव्यात समुद्राजवळ खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर घडते.

शेतकऱ्याच्या घरी आणखी काही शत्रू आहेत. गोमूत्र व शेणाचे पाणी, मुरघासाचा आंबट रस, गुऱ्हाळात सांडणारा उसाचा रस व काकवी, अमोनियम सल्फेटसारखी खते, ही सर्व सिमेंटला खातात. अशा जागा रोज धुवाव्यात आणि खत कोब्यावर न ठेवता फळ्यांवर ठेवावे.

लेप दोन प्रकारचे

पहिला लेप आत मुरतो. सायलेन किंवा सायलोक्झेन नावाचे हे द्रव पाण्यासारखे पातळ असतात. ते छिद्रांच्या कडांना असा गुण देतात की पाणी आत ओढलेच जात नाही. छिद्रे मात्र मोकळी राहतात, त्यामुळे आतली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. रंग बदलत नाही आणि गुळगुळीतपणाही येत नाही. उघड्या अंगणाला, खळ्याला व पायऱ्यांना हाच प्रकार योग्य.

दुसरा लेप वर साय धरतो. अॅक्रिलिक, इपॉक्सी व पॉलियुरेथेन हे या प्रकारचे. डाग व आम्ल अडवण्यास इपॉक्सी चांगले, पण उन्हात ते पिवळे पडते व त्याची भुकटी होऊ लागते. म्हणून ते छपराखालीच वापरावे. ओल्या कोब्यावर साय धरली की आतली वाफ तिला फोड आणते. आमचे नेमके हेच झाले.

यातून एकच नियम लक्षात ठेवावा: बाहेरचे पाणी अडवा, पण आतल्या ओलीला वाट ठेवा.

काम कसे करावे?

१. वेळ निवडा. मळणी आटोपल्यानंतरचा, उपवासकाळापासून ईस्टरपर्यंतचा काळ उत्तम. नवा कोबा असेल तर साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस पाणी मारावे. कडक उन्हाळ्यात हे दिवस अनुक्रमे १० व १४ करावेत. लेप २८ दिवसांनंतरच लावावा.

२. पाण्याचा उतार पाहा. दर दहा फुटांना दीड ते दोन इंच उतार असावा. जेथे पाणी साचते तेथे कोणताच लेप फार टिकत नाही. साचलेल्या पाण्यात डास होतात ते वेगळेच.

३. स्वच्छ करा. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने मारून ताठ ब्रशने घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. तेलाचे डाग साबणाने काढावेत.

४. भेगा पाहा. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्या-दोन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली तर ती वाढती आहे. न वाढणारी भेग खरवडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मालाने भरावी. वाढत्या भेगेत व सांध्यात ताणले जाणारे सीलंट भरावे, कारण तेथे सिमेंट पुन्हा तडकते.

५. ओलीची परीक्षा घ्या. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बसवून संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत, म्हणजे सुमारे सोळा तास, ठेवावा. खालच्या बाजूस दव दिसले किंवा कोबा काळसर झाला, तर थांबावे.

६. किती लेप लागेल ते पाहा. एक मीटर लांब-रुंद जागेवर मोजून लावून पाहावा. आमच्यासारखे वीस बाय वीस फुटांचे खळे सुमारे ३७ चौरस मीटर भरते. लागलेले माप ३७ ने गुणले की हिशेब मिळतो. प्रत्येकाच्या कोब्याची तहान वेगळी असते.

७. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर लावा. तापलेल्या कोब्यावर द्रव मुरण्याआधीच उडून जाते. मुरणाऱ्या लेपाचा दुसरा हात बहुधा पहिला ओला असतानाच द्यायचा असतो, तरी डब्यावरील सूचना वाचावी. डबकी राहू देऊ नयेत. पुढचा एक दिवस पाऊस व गुरे दोन्ही दूर ठेवावीत.

आठवड्यानंतर पाणी शिंपडून पाहावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काम साधले. पाणी पसरून कोबा काळा पडला तर लेप कमी पडला. ही परीक्षा दर वर्षी पावसाळ्याआधी करावी, आणि कोबा पुन्हा पाणी पिऊ लागला की लेप पुन्हा द्यावा.

जिवाची काळजी

- ओले सिमेंट कातडी जाळते, आणि सुरुवातीला दुखतही नाही. अनवाणी माल तुडवू नये. हातमोजे व गमबूट घालावेत. डोळ्यात उडाले तर निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे जावे.
- फरशी धुण्याचे अॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू प्राणघातक आहे.
- लेपाच्या वासाने चक्कर येते. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ बिडी पेटवू नये, कारण काही लेप पेट घेतात.
- पिकावर फवारणी करण्याचा पंप या कामाला वापरू नये.
- पिण्याच्या पाण्याच्या टाकीला आतून डांबर किंवा साधा रंग लावू नये. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असेल तेच वापरावे.

जेथे लेप चालत नाही

स्लॅबचे किंवा छज्जाचे तुकडे पडत असतील व सळई दिसत असेल, तर वरून रंग देणे म्हणजे गळू न फोडता पट्टी बांधणे. त्याखाली मुलांना अभ्यासाला बसवू नका, गुरे बांधू नका. जाणत्या इंजिनिअरला आधी दाखवा. गावच्या वेशीवरील क्रूसाला सणाआधी चुना लावतो, तेव्हा त्याच्या पायथ्याशीही पाहावे. चुना ओलीला वाट देतो, तो चांगलाच, पण खाली भेग असेल तर ती आधी भरावी.

आमचे खळे आम्ही पोपडे खरवडून, उतार सुधारून, पूर्ण सुकवून मग मुरणाऱ्या लेपाने राखले. आता भातात वाळू येत नाही. पूर्वीच्या बायका दर वर्षी खळे सारवीत. कोब्याला सारवण लागत नाही, पण वर्षातून एकदा त्याच्याकडे वाकून पाहावे लागते, हे आम्हांला उशिरा कळले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी पाणी कोठे साचते? ते कोणत्या बाजूने काढता येईल?

२. आपल्या स्लॅबखाली पांढरे किंवा तांबूस डाग आहेत काय? तांबूस डाग गंजाचा असतो.

३. आपल्या धर्मग्रामात एखाद्या विधवेच्या वा वृद्धाच्या घराची गच्ची गळते काय? पावसाळ्याआधी चार जणांनी मिळून कोणते काम करता येईल?