नाटकातील कंसांचा अर्थ

छापील नाटकात संवादाच्या आरंभी पुष्कळदा कंसात एखादाच शब्द असतो : ‘स्वगत’, ‘जनांतिक’, ‘प्रकट’. वर्गात वाचन करताना विद्यार्थी तो शब्द ओलांडून पुढे जातात. मग कपटी प्रधानाचे गोड बोलणे आणि त्याचा मनातील डाव एकाच सुरात वाचला जातो व राजा मूर्ख कसा, असा प्रश्न मुलांना पडतो. राजा मूर्ख नसतो. त्याने ते वाक्य ऐकलेलेच नसते.

बोलणे कोणी ऐकावे, याचा विचार संस्कृत नाट्यशास्त्राने बारकाईने केला आहे. रंगमंचावरील सर्वांनी ऐकावे ते ‘प्रकाश’. मराठीत त्यालाच प्रकट म्हणतात. एकाही पात्राने ऐकू नये, प्रेक्षकांनी मात्र ऐकावे ते स्वगत. जनांतिकाची रीत मोठी मनोहर आहे. दोन पात्रांना इतरांच्या देखत आपसांत बोलावयाचे असते. तेव्हा नट अनामिका दुमडतो, बाकीची बोटे उभी ठेवतो आणि त्या हाताच्या आडून बोलतो. या मुद्रेस त्रिपताक म्हणतात. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. पण तेवढ्या हातालाच प्रेक्षक भिंत मानतात. पाठ वळवून एकालाच गुपित सांगणे हे अपवारित. आकाशभाषितात तर दुसरे पात्र रंगमंचावर नसतेच. ‘काय म्हणतोस?’ असे विचारून नट त्याचे उत्तर आपणच सांगतो. ‘भाण’ हा एकपात्री नाट्यप्रकार यावरच उभा आहे. आधुनिक नाटकातील दूरध्वनीवरचे एकतर्फी संभाषण याच कुळातले म्हणावयास हरकत नाही.

इब्सेनच्या वळणाचे वास्तववादी नाटक मराठीत रुजू लागले, तेव्हा एकट्याने मोठ्याने बोलणारा माणूस अस्वाभाविक ठरला आणि स्वगत मागे पडले. तथापि १९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील स्वगतेच प्रेक्षकांच्या विशेष स्मरणात राहिली. त्याचे कारण नाटकातच आहे. गणपतराव बेलवलकर हा आयुष्यभर रंगभूमीवर वावरलेला नट आहे; एकांतातही त्याच्यासमोर प्रेक्षागृह असते. तेथे स्वगत हा संकेत राहत नाही, तो त्या माणसाचा स्वभावच होतो.

शिक्षकांना एक साधा उपाय करता येईल. प्रवेश वाचताना प्रत्येक पात्रासाठी एक विद्यार्थी उभा करावा आणि ज्याने वाक्य ऐकावयाचे नाही, त्याने तेवढ्यापुरते कानांवर हात ठेवावेत.