आलेखाचा समास व अक्षावरील अक्षरें

चौकटीच्या कागदावर आलेख काढतांना प्रथम डावीकडे व खालीं समास सोडावयाचा, मग अक्ष आंखून त्यांचीं नांवें व मापें लिहावयाचीं, हा नियम आपणांस परिचित आहे. कागदाचा आकार बदलत नाहीं, म्हणून एकदां सोडलेला समास अखेरपर्यंत पुरतो. संगणकाच्या पडद्यावरील आलेखाची गोष्ट निराळी. त्याची खिडकी वाचक हवी तेव्हां ओढून रुंद किंवा अरुंद करितो. अशा आलेखास समास किती असावा, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

उदाहरणादाखल मॅटप्लॉटलिब हें साधन घेऊं. पायथन भाषेंत आलेख काढण्याचें हें साधन जॉन हंटर यांनीं निर्माण केलें व तें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील आलेखाची ठरीव रुंदी ६.४ इंच असते. इंचास १०० ठिपके, म्हणजे पिक्सेल, धरिले असतां ती ६४० ठिपके होते. डावा समास रुंदीचा अष्टमांश, म्हणजे ८० ठिपके. अक्षरें १० पॉइंटांचीं. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो, म्हणून त्यांचा आकार सुमारें १४ ठिपके भरतो.

आतां खिडकी २८० ठिपक्यांवर आणिली, तर समास ३५ होतो. अक्षरें मात्र होतीं तेवढींच राहतात. समास प्रमाणानें मोजला जातो आणि अक्षरें ठाम मापानें, हेंच सर्व अडचणीचें मूळ होय.

याचा परिणाम पाहा. एक अंक सुमारें ९ ठिपके रुंद असतो. चार अंकांस ३५ व अक्षापासूनच्या अंतरास १० मिळून ४५ ठिपके लागतात. समास ३५ चा, म्हणून सर्वांत डावीकडचा अंक बाहेर पडतो. १२००, १४००, १६०० यांच्या जागीं २००, ४००, ६०० दिसतात. अक्षाचें नांव व एकक तर आंकड्यांच्याहि डावीकडे असल्यामुळें तीं आधींच नाहींशीं झालेलीं असतात. आंकड्यांचा क्रम बिघडत नाहीं, रेषा सुबक राहते, आणि वाचकास शंकाहि येत नाहीं.

उपाय असा कीं, आधीं अक्षरें मोजावीं, त्यांस जागा द्यावी आणि उरलेली जागा चित्रास द्यावी. २०११ सालीं आलेली ‘टाइट लेआउट’ ही सोय हेंच करिते. परंतु ती एकदांच वापरून सोडून दिली, तर खिडकी बदलतांच हिशेब चुकतो; प्रत्येक रेखाटनाबरोबर मांडणी पुन्हा व्हावी, अशी योजना आरंभींच करावी लागते. २०१८ सालची ‘कन्स्ट्रेन्ड लेआउट’ ही सोय स्वभावतःच प्रत्येक रेखाटनाच्या वेळीं मांडणी करिते.

येथें एक मौजेचा पेंच आहे. समास ठरविण्यास आंकड्यांची रुंदी हवी. परंतु चित्राची जागा बदलली कीं कोणते आंकडे लिहावयाचे तेंहि बदलूं शकतें, आणि त्यांची रुंदीहि बदलते. म्हणून ही दुसरी सोय मांडणी लागोपाठ दोनदां करिते. दुसऱ्या खेपेचा बदल बहुधा अल्प असतो.

खिडकी फारच लहान झाली व चित्रास जागाच उरली नाहीं, तर दोन्ही सोयी इशारा देऊन थांबतात. तेव्हां आंकडे विरळ करावे, नांव संक्षिप्त करावें. एकक मात्र गाळूं नये.

अभ्यासासाठीं प्रश्न: खिडकी ४८० ठिपके रुंद असून आंकडे पांच अंकी आहेत. समास अष्टमांशच ठेविल्यास आंकडे मावतील काय? अक्षाचें नांव मावेल काय? प्रथम कागदावर हिशेब करा व मग पडद्यावर ताडून पाहा. दोन्ही उत्तरें सारखीं येत नाहींत. ज्या आलेखांत आंकडे पूर्ण दिसतात, परंतु ते कशाचे हें कळत नाहीं, तोहि अपुराच होय.