मिल बंद पडली, तेव्हा आधी कागद बघायचे होते

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी अकरा वर्षं काढली. भट्टीतून आलेलं लालबुंद बिलेट चिमट्यानं धरायचं आणि रोलमध्ये द्यायचं. विजेचं बिल परवडेना म्हणून मिल बंद झाली आणि आठ दिवसांत आम्ही घरी बसलो.

खरं नुकसान नंतर कळलं. अकरा वर्षांत तीन ठेकेदार बदलले. गेट तेच, चिमटा तोच, पण पीएफचा नंबर दर वेळी नवा. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी मिळते, पण त्यासाठी सलग पाच वर्षं लागतात. कागदावर माझी एकाही ठेकेदाराकडे पाच भरली नव्हती. त्यात घाईनं एजंटाकडून तिन्ही खाती रिकामी करून घेतली, पेन्शनच्या रकमेसकट. ती एकाच यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराला, जोडली असती तर सेवा दहा वर्षांवर गेली असती आणि 58 व्या वर्षी पेन्शन लागली असती.

म्हणून सांगतो, तीन शिफ्टच्या दोन झाल्या की लगेच पीएफचं पासबुक बघा, खाती जोडून घ्या, पगाराच्या पावत्या आणि गेटपास जपा. दहा वर्षं भरत नसली तर पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट मागा. पुढच्या नोकरीत ती सेवा धरली जाते. दाखल्यावर कामही नीट लिहून घ्या. माझ्या दाखल्यावर ‘हेल्पर’ होतं, दुसऱ्या मिलनं पगारही हेल्परचाच सांगितला.

मग बदनापूर तालुक्यात भावाच्या एकरभर रानात तुती लावली. जालन्याच्या बाजार समितीत 2018 पासून रेशीम कोषांचा बाजार आहे, त्यामुळे विकायची काळजी नव्हती. शिकायला मात्र कुणाकडे गेलो नाही. भट्टीपुढं लागलेली तंबाखूची सवय होती. तंबाखू मळून त्याच हातानं अळ्यांना पाला टाकायचो. चौथी कात टाकलेल्या अळ्या माना फिरवत हिरवट पाणी ओकायला लागल्या. दोन दिवसांत शंभर अंडीपुंजांची बॅच गेली. तंबाखू अळीला विष असते, हे नंतर शेजारच्या गावातल्या रेशीमवाल्यानं दोन मिनिटांत सांगितलं.

हातातला पैसा रेशमाच्या शेडमध्ये घालण्याआधी एक बॅच दुसऱ्याच्या शेडवर राबून बघा. महिनाभराचाच प्रश्न असतो.

मिलमधले दोघं सध्या रोज सकाळी माझ्याकडे पाला कापायला येतात. दाराशी बादली आणि साबण ठेवला आहे. हात धुतल्याशिवाय मी त्यांना आत सोडत नाही.