काळजी शरीरात कुठे बसते?

विद्यार्थी मित्रांनो, एक सोपा प्रयोग करा. शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. मग सरांनी किंवा बाईंनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, की जागेवर परत येताच ती पुन्हा मोजा. ठोके बहुधा वाढलेले आढळतील. तुम्ही धावला तर नाहीत. मग हृदयाला घाई कसली झाली?

धोका जाणवताच मेंदू अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. या दोन ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांतून आधी ॲड्रिनॅलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदय जोराने चालते, रक्तातील साखर वाढते. वाघापासून पळायला ही सोय उत्तम! गणित सुटले की सारे पूर्ववत होते. एवढ्या ताणाने काही बिघडत नाही.

आता समजा, वर्धा जिल्ह्यातील देवळी किंवा आर्वी तालुक्यातले कापूस पिकवणारे एक घर आहे. पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, पुढे बोंडअळी आली आणि सावकार दारात येऊन गेला. घरातल्या नववीतल्या मुलाची काळजी फळ्यावरच्या गणितासारखी तासाभरात सुटत नाही. ताण महिनोन् महिने टिकला तर झोप उडते आणि आठवणी साठवण्याच्या कामी येणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागावर परिणाम होतो. पाठ केलेले आठवत नाही, गुण घसरतात. आपण मात्र त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. वर्धा त्यांपैकी एक. तिचा भर व्याजमाफी, सिंचन, बियाणे यांवर होता. कर्ज हे ताणाचे मूळ, म्हणून ते योग्यच. पण कर्जाने खचलेल्या मनाकडे लक्ष जायला आणखी नऊ वर्षे लागली. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. शेतकरी कुटुंबांना समुपदेशन आणि उपचार मिळावेत हा त्याचा हेतू होता.

मुलांसाठी काय? २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींच्या आहाराबरोबर मानसिक आरोग्यही धरले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावेच लागले तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे आणि पालकाने सोबत राहावे, असेही त्यात म्हटले आहे.

शाळेसाठीचा नियम शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात आहे: मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. “तुझ्या बापाने फी भरली नाही” असे वर्गासमोर सुनावणे हाही छळच, असे मला वाटते. अडचण अशी, की हा कायदा ६ ते १४ वयापुरताच आहे. दहावीच्या परीक्षेचा धाक जेव्हा सर्वाधिक असतो, तेव्हाच हे छत्र डोक्यावरून जाते. त्यापुढे, अठराव्या वर्षापर्यंत, बाल न्याय अधिनियम २०१५ चे ७५ वे कलम आहे. पण त्यासाठी पोलीस आणि कोर्ट गाठावे लागते. साध्या घोषणेने किंवा शाळेच्या नियमाने थांबू शकणारी गोष्ट तिथवर कशाला न्यायची?

शिक्षकांनी एवढे पाहावे: बडबड्या मुलगा गप्प झाला, डबा न खाता परत नेऊ लागला, खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसू लागला आणि हे दोन आठवडे टिकले, तर त्याला एकट्याला बोलवून विचारावे. वर्गासमोर नव्हे. आणि विद्यार्थ्यांनो, विचारणारे कोणी नसेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तो १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. छळ किंवा मारहाण होत असेल तर १०९८. दोन्ही क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर ठळक अक्षरांत लिहायला एक खडू पुरतो.