आधी पारखा, मग आमेन म्हणा

माझ्या ताईचं इन्सुलिन ज्यांनी बंद करायला लावलं ते ‘प्रभूचे दास’ अजूनही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना घेतात. आणि आमच्याच नात्यातले काही जण माझ्याबद्दल म्हणतात, ‘हिच्यात विरोधी आत्मा आहे.’ म्हणून हे लिहायला बसले. मी पहिल्यापासून काय सांगत होते ते एकदा कागदावर यायला हवं.

आमचं घराणं नगरच्या अमेरिकन मिशनच्या काळापासूनचं. १८३१ साली मिशन नगरला आलं, १८४२ साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. चर्च, शाळा आणि दवाखाना ही एकाच देवाची कामं, असं मानणाऱ्या घरात आम्ही वाढलो. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं कुणी आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिनं त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं असतं.

ताई त्या सभेला का जायला लागली, हे मला कळतं. भाऊजी गेल्यावर घर तिला खायला उठायचं. आमच्या मंडळीतून पाळकसाहेब सोडले तर कुणी फिरकलं नाही. सभेतल्या बायका मात्र रोज फोन करायच्या. तिचं एकटेपण त्यांनी बरोबर हेरलं.

एका शुक्रवारी मी तिच्या शेजारी बसले होते. व्यासपीठावरून ‘प्रभूचे दास’ डोळे मिटून म्हणाले, ‘प्रभू मला एक विधवा भगिनी दाखवतोय. तिच्या रक्तात साखर आहे. तिचे यजमान अपघातात गेले.’ ताई हुंदके देऊ लागली. तिला पुढं बोलावलं, डोक्याला तेल लावलं आणि बजावलं, ‘आज तू बरी झालीस. आता सुई टोचून घेणं म्हणजे प्रभूला खोटं ठरवणं.’ सगळा मंडप हालेलुया म्हणत होता. माझं मन एका शब्दापाशी अडकलं होतं. अपघात? भाऊजी काविळीनं गेले. शेवटच्या रात्री दवाखान्यात त्यांच्या उशाशी मीच होते.

तिथं दारातच प्रत्येकाकडून प्रार्थना-विनंतीचा फॉर्म भरून घेत. ताईचा फॉर्म शेजारणीनं भरला होता. परतताना रिक्षात मी शेजारणीला सरळ विचारलं, ‘ताईच्या यजमानांबद्दल काय लिहिलंत?’ ती म्हणाली, ‘अपघातात वारले असं लिहिलं. मला तसंच वाटत होतं.’

माझे हातपाय गार पडले. फॉर्ममधली चूक जशीच्या तशी पवित्र आत्म्याच्या नावानं माइकवरून बोलली गेली होती. आपल्या लेकराचं मरण देव चुकीचं सांगत नाही. ताईला हे त्याच रात्री सांगितलं. ‘त्यात काही आत्मिक अर्थ असेल,’ असं म्हणून तिनं पाठ फिरवली.

मी त्या लोकांना जाऊन विचारलं. उत्तर ठरलेलं होतं: देवाच्या अभिषिक्ताला हात लावायचा नसतो. मी तिथंच स्तोत्र १०५ उघडलं. देश नसलेल्या, भटकणाऱ्या पूर्वजांना छळू नका, अशी ताकीद देव त्यात राजांना देतो. उपदेशकाला प्रश्न विचारू नका, असं त्यात कुठंही नाही. मला बाहेर जायला सांगण्यात आलं.

पुढं व्हायचं तेच झालं. ताईला बेशुद्धावस्थेत आयसीयूत न्यावं लागलं. त्यांच्यातलं कुणी आलं नाही. निरोप तेवढा आला, की ‘घरातल्या अविश्वासामुळे बरेपण निघून गेलं.’ म्हणजे माझ्यामुळे. ‘विश्वासाचं बीज’ म्हणून दिलेली ताईची पाटली परत मागितली, तेव्हा फोनच उचलला नाही.

आता दुसऱ्या कुणाच्या घरी हे होऊ नये म्हणून सांगते.

प्रार्थनेसाठी नाव पुरतं. आजार, घरची माणसं, अडचणी लिहून देऊ नका. देवाला ते ठाऊक आहे.

भविष्य सांगितलं तर तारीख घालून लिहून ठेवा. बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, हा निकष अनुवादाच्या अठराव्या अध्यायात दिलेला आहे.

बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. खरं बरेपण तपासणीत दिसतंच. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना याजकाकडे दाखवायला पाठवलं होतं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि त्रफिमाला आजारी असल्यामुळे पौलानं मिलेतात ठेवलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, असं पौलानं लिहिलेलं नाही.

बरेपणासाठी पैसा किंवा सोनं मागितलं की उठून या. अलीशानं नामानाकडून काही घेतलं नाही. मागं धावत जाऊन रुपं आणि वस्त्रं घेणाऱ्या गेहजीचं काय झालं ते २ राजे ५ मध्ये वाचा. ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या पुस्तिकेतही स्वतःसाठी पैसा मागणारा संदेष्टा खोटा ठरवला आहे.

एकच वचन ऐकवलं तर घरी जाऊन पूर्ण अध्याय वाचा. यिर्मया २९:११ मधलं आशेचं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीच्याच वचनात बाबेलातली सत्तर वर्षं आहेत, ती कुणी ऐकवत नाही.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावानं फसवून पैसे उकळणाऱ्याला तो लागू होतो, मग धर्म कोणताही असो. पत्रकं, रेकॉर्डिंग, पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवा.

रोज शास्त्र वाचा, प्रार्थना करा, आपल्या मंडळीला धरून राहा. आणि मंडळ्यांनाही माझं सांगणं आहे: विधवांच्या घरी जा. तुम्ही गेला नाहीत, तर दुसरं कुणीतरी जाणारच आहे.

बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं आणि त्यासाठी त्यांची स्तुती झाली. पौलाला जे चाललं ते ज्याला सोसत नाही, त्याच्या हातून डोक्याला तेल लावून घेऊ नका.